‘मी आणून देतो’ म्हणू नये

दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला शालिकभाऊ डोळ्यांवर दुपट्टा घट्ट बांधतात आणि अर्धा तास आमच्या वाचनालयात चाचपडत फिरतात. वर्तमानपत्र वाचायला येणारी म्हातारी मंडळी आता या प्रकाराला सरावली आहेत. भाऊ जवळ आले की ती गुपचूप पाय वर घेतात आणि वाचन चालू ठेवतात. नवा माणूस मात्र हमखास सापडतो.

“हा पाय कोनाचा हाये?”

“माहा हाये, भाऊ.”

“मंग मधात कायले ठेवला? उद्या डोयानं न दिसनारा मानूस आला तर पडंन नाही काय तुमच्या पायात?”

एकदा निवृत्त तलाठी पेपरात डोकं खुपसून बसले होते. भाऊंचा हात त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी तो दोनदा गोल फिरवून खात्री करून घेतली आणि मोठ्याने विचारलं, “हा पृथ्वीचा गोल कोनं आनून ठेवला इथी?” तेव्हापासून तलाठी टोपी घालून येतात.

वाशीमहून अनसिंगकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण पुढे आमच्या अध्यक्षांचा एक प्रसंग येणार आहे आणि ते अजूनही अध्यक्ष आहेत. मी या वाचनालयाचा सचिव. शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे गावात जिथे म्हणून चार ओळी लिहायच्या असतात ते काम माझ्या गळ्यात पडतं. शालिकभाऊ ग्रंथपाल. बत्तीस वर्षं तेच आहेत. उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणतात, “आपलं वर्गीकरनच जमलं नाही, सर.” थोरल्या भावाकडे जेवतात, तिथेच मागच्या खोलीत झोपतात आणि उरलेला सगळा वेळ वाचनालयात काढतात.

सोमवारी दुपट्टा, तसा मंगळवारी त्यांचा खुर्चीचा वार असतो. चाकाच्या खुर्चीत बसून ते दारापासून शेवटच्या मांडणीपर्यंत जातात आणि जिथे जातील तिथे हात लांब करून एकच प्रश्न विचारतात, “हात पुरते काय?” पहिल्याच मंगळवारी त्यांनी बसल्या बसल्या हात उंच केला आणि जिथवर बोटं पोचली तिथे भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. “ह्या रेघीच्या वर जे काही हाये, थे सगळं खाली येईन.” आणि खरोखरच आलं. पुस्तकं आली, दिव्याची बटणं आली, ‘शांतता राखा’ची पाटी आली. भिंतीवरचं घड्याळही कमरेएवढं खाली आलं. आमच्याकडे आता किती वाजले हे पाहायचं तर नमस्कार केल्यासारखं वाकावं लागतं.

हा प्रश्न ते बाहेरही सोडत नाहीत. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून घेतली, बसले आणि आचाऱ्याला म्हणाले, “बसल्या मानसाचा हात तुह्या भाजीपावतर पुरते काय?” आचारी घाबरला. त्याला वाटलं भाजी कमी पडली.

कपाटांच्या कडेने त्यांनी सुतळी बांधली आहे. तिला एक गाठ म्हणजे कादंबऱ्या, दोन गाठी म्हणजे चरित्रं, तीन म्हणजे शेती. एकदा अनसिंगकडचे एक भजनी बुवा आले. त्यांना दिसत नाही. सुतळी धरून ते बरोबर चरित्रांपाशी पोचले, एक जाडजूड पुस्तक उपसून काढलं आणि म्हणाले, “आता हे वाचू कसं?” उठावाच्या अक्षरांची पुस्तकं आमच्याकडे नव्हती. भाऊंनी त्यांना बाकावर बसवलं आणि चार दिवस ते चरित्र खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, तेही ‘शांतता राखा’च्या पाटीला पाठ टेकून. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली नाही. पाचव्या दिवशी बुवा आले नाहीत तेव्हा तेच विचारू लागले, पुढे काय झालं म्हणून.

पण भाऊंच्या सगळ्या चाळ्यांत गाजली ती पाटी. ती त्यांनी स्वतः रंगवून टेबलाच्या वर, अर्थात रेघेच्या खाली, लावली आहे. तिच्यावर लिहिलंय: ‘येथे कोणी कोणास “मी आणून देतो” म्हणू नये.’

ही पाटी लागली तेव्हा मला वाटलं, भाऊंचं वय झालं. पाहुणे मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, “सर, अर्थ काय याचा?” मी मराठीचा मास्तर. मलाही सांगता येईना.

अर्थ कळायला शमीम कोण ते सांगायला हवं. बाजारगल्लीत शमीम ब्लाऊज शिवते. गावातल्या निम्म्या बाया तिच्याचकडून शिवून घेतात, माझी बायकोसुद्धा. लहानपणी पोलिओ झाला, पायांत जोर नाही, हाताने फिरवायच्या तीनचाकी गाडीवर ती गावभर हिंडते. शाळेत असताना तिचे वडील तिला सायकलवर बसवून वाचनालयात आणायचे आणि बाहेरच्या पायरीवर ठेवून कामाला जायचे. आत यायला तीन पायऱ्या आणि वर उंबरठा. मग शालिकभाऊ धावत बाहेर यायचे आणि म्हणायचे, “तू बस. मी आनून देतो.”

दहा वर्षं त्यांनी तिला पुस्तकं आणून दिली. नवी आलेली, कोरी, सगळ्यात आधी तिला. गावाला याचं कौतुक होतं. मीही एकदा पंधरा ऑगस्टच्या भाषणात हा दाखला दिला होता. तिनं वाचून आणलं की भाऊ पायरीवर तिच्याशेजारी बसत आणि पुस्तकावर तासभर बोलत. एक दिवस, तेव्हा ती मोठी झाली होती, कमावती झाली होती, तिनं भाऊंना म्हटलं, “चाचा, आज मले आत यायचं हाये. मी माह्या हातानं पुस्तक काढीन.”

भाऊ हसले. “कायले तरास करून घेतं, बाई? मी आनून देतो ना!”

तिनं हातातलं पुस्तक पायरीवर ठेवलं आणि गाडी वळवली. ती परत आली नाही. तब्बल अकरा वर्षं.

भाऊंना ते कळलंच नाही. पोरगी रागावली एवढंच त्यांना वाटलं. कळलं ते त्यांच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडीवरून पडले आणि तीन महिने मागच्या खोलीत खाटेला खिळले. उभा जन्म पुस्तकांत काढलेला माणूस, त्याला पुस्तकाशिवाय करमणार कसं? तेव्हा मीच मोठ्या उत्साहाने म्हणालो, “भाऊ, तुम्ही पडून राहा. मी आणून देतो.” आता सांगायला लाज वाटते, पण शाळा सुटल्यावर घाईत जायचो आणि हाताला येईल ते उचलून द्यायचो. कुक्कुटपालनावरचं एक पुस्तक मी त्यांना तीनदा नेऊन दिलं. त्यांनी तिन्ही वेळा “बरं झालं, सर” म्हणून घेतलं. आणून देणाऱ्याला ‘हे नको’ कसं सांगणार?

बरे होऊन आले ते आजारपणात घेतलेल्या त्या चाकाच्या खुर्चीसकटच. आल्या आल्या पाटी रंगवली. बऱ्याच दिवसांनी मी अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, “सर, त्या पोरीले मी दहा वर्सं कोंबड्याच पाळाले लावल्या.”

पाटी लागली त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. शमीमनं स्वतः आत यायचं आणि स्वतःच्या हातानं पुस्तक काढायचं.

पायऱ्यांच्या जागी उतार बांधायचं ठरलं. काम माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणजे गवंडी वाचनालयात होता आणि मी शाळेत. त्याने जागा वाचवून असा उतार केला की घसरगुंडी बरी. भाऊ खुर्चीत बसून पहिली चाचणी घ्यायला वरून सुटले ते रस्ता ओलांडून थेट गुलाबरावांच्या चहाच्या टपरीत. तिथे बाकावर आदळून थांबले. गुलाबरावांनी काही न विचारता कप पुढे केला. भाऊंनी चहा घेतला, परत आले आणि मला म्हणाले, “चढाले जमत नाही, पन चा लौकर भेटते.”

उतार फोडून पुन्हा केला, भिंतीला वळसा घालून, लांब, संथ. उन्हाळ्यात शेजारच्या बायांना तो इतका आवडला की त्यांनी त्यावर वड्या वाळत घातल्या. भाऊ हात जोडून उभे. “माय, वड्या उचला. गाडी यायची हाये.”

“कोनाची गाडी, भाऊ?”

“येईन,” एवढंच ते म्हणाले. बायांना ठाऊक होतं. त्यांनी मुकाट वड्या उचलल्या.

उतार झाला, पण वर तो उंबरठा होताच. चांगला वीतभर उंच. आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती, कारण वाचनालयाची जागा दिली आमच्या अध्यक्षांच्या, आप्पासाहेबांच्या, वडिलांनी, आणि सागवानाचा तो उंबरठा त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला. दर दसऱ्याला आप्पासाहेब त्याला हळदकुंकू लावतात. विषय बैठकीत आला तसे ते खवळले.

“बाकी काय करायचं थे करा. उंबरठ्याले हात लागनार नाही. उंबरठा काढला म्हंजे लक्ष्मी गेली.”

“इथी लक्ष्मी कवा होती, आप्पासाहेब?” भाऊ शांतपणे म्हणाले.

वातावरण तापलं. अशा वेळी सचिवाने चहा मागवायचा असतो, म्हणून मी मागवला. अर्धा तास झाला, चहा नाही. शेवटी गुलाबराव रिकाम्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. “चा तयार हाये. या.”

“अरे, आणून दे ना इकडे!”

“बोर्ड लावला ना तुमी?” गुलाबरावांनी पाटीकडे बोट केलं. “शिकल्यासवरल्या लोकाइनं लेहलं म्हनून म्या पाळलं. आता तुमीच मोडता काय?”

झालं, सगळी कार्यकारिणी उठली. आप्पासाहेबांचे गुडघे दुखतात, त्यांना उठवेना. भाऊंनी चाकाची खुर्ची पुढे केली. जाताना आम्ही दोघांनी ती उंबरठ्यावरून उचलून दिली, आणि पुढे आप्पासाहेब उतारावरून असे ऐटीत गेले की टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. चहाने माणूस खुलतो. परत येताना ते म्हणाले, “कोनी हात लावू नका, माहा मी येतो.” आणि खरंच दोन्ही हातांनी चाकं ढकलत वळसा घेऊन वरपर्यंत आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर विजय. मग पुढची चाकं उंबरठ्याला लागली. ठक. मागे येऊन पुन्हा जोर लावला. ठक. तिसऱ्यांदा पुन्हा तेच.

आम्ही चौघे धावलो. “थांबा, थांबा, आप्पासाहेब! आम्ही उचलून घेतो!” आणि खुर्चीसकट त्यांना वर उचललंही. खाली टपरीवर हशा पिकला.

“खाली ठेवा!” आप्पासाहेब ओरडले. “पह्यले मले खाली ठेवा! मी काय बसवाचा गनपती हाये?”

घाबरून आम्ही त्यांना होते तिथेच, दाराबाहेर, ठेवलं. ते वडिलांच्या उंबरठ्यासमोर बसून राहिले. आता शालिकभाऊ काहीतरी टोला देणार म्हणून मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होतो. पण विचारलं ते आप्पासाहेबांनीच, “शालिक, शमीमले यायचं बंद करून किती वर्सं झाले?”

“अकरा.”

“काढायचा नाही,” आप्पासाहेब म्हणाले. “जमिनीत बसवा. वरून चाक गेलं पायजे. हळदकुंकवाले मी वाकीन अजून थोडा.”

उंबरठा फरशीच्या पातळीला बसला. दाराची दोन्ही कवाडं उघडली की तीनचाकी गाडी जेमतेम जाईल एवढी जागा होती, ती भाऊंनी दोरीने चारदा मोजली. आणि मग ते वाट पाहत बसले. मी म्हणालो, “भाऊ, निरोप तरी पाठवा.” तर मान हलवून म्हणाले, “बोलावलं म्हंजे पुन्हा मीच ठरवलं ना, सर. तिले वाटंन तवा येईन.” महिना गेला, दोन गेले. दारात सायकल वाजली तरी भाऊ चष्मा लावायचे. मला ते बघवेना. मी बायकोला म्हटलं, ब्लाऊज टाकायला जाशील तेव्हा सहज विषय काढ. बायको परत येऊन म्हणाली, “काढला. ती म्हणाली, माप चुकलं होतं, दुरुस्त केलं, चांगलं झालं. येईन असं मात्र म्हणाली नाही.” हे मी भाऊंना सांगितलं नाही.

एका गुरुवारी दुपारी ती आली. मी कोपऱ्यात सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो, दुसरं कोणी नव्हतं. गाडीच्या साखळीचा कुरकुर आवाज उतारावरून वर चढत आला आणि उंबरठ्यावरून न अडखळता आत शिरला. भाऊ ताडकन उठले. तोंड उघडलं, “मी…” आणि मिटलं. खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

शमीमनं त्यांना सलाम केला आणि सरळ कपाटांकडे गेली. पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. पुस्तक काढायचं, पहिलं पान वाचायचं, मागचं वाचायचं, परत ठेवायचं. कुठली घाई नाही. एक पुस्तक निसटून खाली पडलं. मी सवयीने उठलो तर भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट बसलो. तिनं गाडीत ठेवलेली शिवणकामाची लाकडी पट्टी काढली, पट्टीने पुस्तक ओढून जवळ घेतलं, वाकून उचललं, झटकलं आणि जागेवर ठेवलं. अख्खी दुपार हे चाललं होतं. माझा एकही पेपर तपासून झाला नाही.

मग ती टेबलापाशी आली.

“सगळं पाह्यलं, चाचा.”

“हाव.”

“काहीच नाही भेटलं.”

“काहीच?”

“मले खुनाच्या गोष्टी आवडतात. शेवटी कोन निंगते थे आपन शोधाचं. तुमच्यापाशी एकबी नाही.”

नसणारच. भाऊंनी बत्तीस वर्षांत रहस्यकथा आमच्या दारातून आत येऊ दिली नव्हती. ते हळूच म्हणाले, “पन मी तुले देत होतो थे कादंबऱ्या? थे तर तुले आवडत होत्या. पायरीवर घंटा घंटा बोलत होतो ना आपन?”

“अर्ध्या आवडल्या,” शमीम म्हणाली. “अर्ध्या नाही.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

तिनं गाडीचा दांडा हातात घेतला होता, तो सोडला.

“तुमी लय खुश दिसत होते, चाचा. अन् त्या पुस्तकाइचं बोलाले तुमाले गावात दुसरं कोनी नव्हतं.”

भाऊंनी पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली. मी पेपरांत मान घातली. बत्तीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसतोय, आपण त्याला ओळखतो असं समजतोय, आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला आवडलेलं प्रत्येक पुस्तक हा माणूस त्या पायरीवर घेऊन जात होता, कारण ऐकायला तिथे एक पोरगी बसलेली असायची. ती यायची बंद झाल्यापासून त्याने एकाही पुस्तकाबद्दल कोणाशी तासभर बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्याशी तर नाहीच. मी वेळच दिला नव्हता.

“रस्ता चांगला केला,” शमीम म्हणाली. “जातो मंग.” गाडी वळली, उंबरठ्यावरून गेली आणि कुरकुर आवाज उतारावरून खाली उतरत गेला.

मला वाटलं, भाऊ खचले. एवढं सगळं केलं आणि पोरगी रिकाम्या हातांनी गेली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला उठलो तर ते देवघेवीची वही उघडून बसले होते. वाचकाच्या रकान्यात वळणदार अक्षरात शमीमचं नाव, आणि पुस्तकाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘पसंत पडले नाही.’

“सर!” त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मुलगी पहिल्या नंबराने पास झाल्यावर बापाचा होतो तसा. “सगळं पाह्यलं तिनं. अन् नाही म्हन्ली!”

मग चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, “तुमच्या घरी खुनाची एखादी कादंबरी हाये काय, सर?”

“शमीमला द्यायला?”

“नाही, नाही. तिचं थे पाहीन.” भाऊ जरा ओशाळले. “मले पायजे. थे परत आली, तर बोलाले काही नको काय?”